चितळं आली तेव्हा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बाबांनी एकदा तरी पाहुण्यासारखं निवांत बसावं, एवढीच इच्छा होती. म्हणून मारेगावहून त्यांना अभयारण्यातल्या बेटावर, एका आलिशान तंबूत मुक्कामाला नेलं. नावेतून उतरल्यापासून ते खुर्चीच्या काठावरच टेकत होते.

संध्याकाळी समोरच्या गवतात चितळांचा कळप आला. सगळे पाहुणे गप्प होऊन बघत होते. तेवढ्यात बाबा उठले आणि दोन्ही हात उंचावून ओरडले, "हुर्रर्र, हाड, हाड!"

क्षणात गवत रिकामं झालं.

"बाबा, काहून हाकललं?"

"सवय हाय गा. वावरातलं पीक खाणारे रोही हाकलून हाकलून." ते ओशाळले. "सकाळी घरी चाल. आपलं काम नाही इथं."

शेजारच्या तंबूतल्या बाई हसत म्हणाल्या, "काका, आमच्या सोयाबीनला असा राखणदार मिळाला असता तर!" मग सगळेच हसले, बाबाही.

सकाळी चितळं परत आली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून धरला होता. थोड्या वेळानं तो काढून ते हळूच म्हणाले, "खा बाप्पा, खा. इथं कोणी पेरलं नाही."

आणि खुर्चीत आरामात मागे रेलले.