वडापुढे वाचणारा बेलीफ

२०१६ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि झाडापुढे ताठ उभं राहून सरकारी कागद वाचणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. डोक्यावर टोपी, चष्म्याला काळा दोरा, आणि आवाज असा की समोरच्या सोसायटीची कुत्री गप्प बसली. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर वडाच्या फांद्यांची छाटणी..." वडाला कळवत होता! मला वाटलं, गेलं ह्याचं डोकं.

मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा होता. आता तिथे चार बिल्डिंगी आहेत. बांधावरचा वड तेवढा राहिला, तो रस्त्याच्या कडेला आला, आणि त्याच्या बुंध्याशी मी मेथी-कोथिंबीर घेऊन बसायचो. माझ्या बापानं लावलेलं झाड. तिथे बसायला मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी विचारलं तर उत्तर दिलं नाही.

हा माणूस कोर्टातला रिटायर बेलीफ. उभा जन्म लोकांच्या दाराला नोटिसा डकवण्यात गेला. आता रोज सकाळी कॉलनीतली झाडं बघत फिरायचा. झाडावर कागद दिसला की मोठ्यानं वाचायचा, घरी जाऊन त्यावर लेखी हरकत लिहायचा आणि महापालिकेच्या ऑफिसात स्वतः नेऊन द्यायचा. सोसायटीच्या चेअरमननं त्याला नाव ठेवलं, हरकत अण्णा. चिडवायला ठेवलेलं नाव अण्णांनी पदवीसारखं मिरवलं. माझ्याकडे पहिल्यांदा भाजी घेताना म्हणाले, "मी हरकत अण्णा. मेथी शिळी आहे, माझी हरकत आहे." शिळी नव्हती. पण माणूस मला आवडला.

त्यांच्या खिशात पक्कड असायची. कागद लावणाऱ्यानं खिळा ठोकला असेल तर उपटून काढायचे आणि कागद सुतळीनं बांधायचे. "गाढव लेकाचे! तात्या, आम्ही गरिबाच्या मोडक्या दारालाही खळ लावून नोटीस डकवली. खिळा नाही मारला कधी. दार झालं म्हणून काय झालं?"

एकदा वडाखाली चहा पिताना त्यांनी आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. "नोटीस पुढे धरली ना, की कोणाला वाचता येतं ते लगेच कळतं. येतं तो कपाळाला आठ्या घालतो. येत नाही तो मान हलवतो. आणि लय लवकर हलवतो." मी हसलो. मी दुसरी नापास. तेव्हा मला बसची पाटी वाचता यायची, बारीक छापलेलं नाही. अक्षरं मी सत्तरी उलटल्यावर घोटली, म्हणून आज हे लिहितोय. पण तेव्हा ही गोष्ट कॉलनीत कोणाला माहीत नव्हती आणि मी कळूही देणार नव्हतो.

पुढे रस्ता रुंद करायची बोलणी सुरू झाली तेव्हा अण्णांनी सोसायटीच्या हॉलात सगळ्यांना वडासाठी गोळा केलं. तसली शिकलेली माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत. एक बाई म्हणाली, झाड हवंच, पण त्यावरच्या वटवाघळांचं काहीतरी करा. योगावाले म्हणाले, आम्हाला त्याच्या हवेची गरज आहे, फक्त पाखरं सतरंज्या खराब करतात. चेअरमनला गाडीवर पान पडलेलं चालत नाही, गाडीला तो स्वतःच्या पोरासारखं पांघरूण घालतो. तो म्हणाला, "आजकाल झाड उचलून दुसरीकडे लावतात. मशीन असतं."

अण्णा उठले. "वड म्हणजे काय बदलीवरचा तलाठी आहे का, उचलला आणि टाकला मनमाडला? त्याच्यावर तांबट आहेत, धनेश आहेत, खारी आहेत. त्यांना काय बदलीचा भत्ता देणार?"

सगळे हसले, चिवडा खाल्ला आणि घरी गेले. हरकतीवर सही करायला थांबले दोन जण. एक अण्णा. दुसरा मी. माझी सही मात्र मला चांगली यायची.

तिसऱ्या वर्षी जेठ महिन्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे गेले. लेक मनमाडला. जाताना म्हणाले, "दहा दिवस लक्ष ठेवा, तात्या." म्हटलं, "मी इथंच तर बसतो."

दोनच दिवसांनी एक माणूस आला, वडाला खिळा ठोकून कागद लावला आणि मला म्हणाला, "बाबा, वाचून घ्या." मी मान हलवली. तो गेला. मी कागदाकडे बघितलं. बारीक अक्षर, खाली शिक्का. समोरून कॉलनीतली निम्मी माणसं जात होती. कोणालाही हाक मारली असती. पण ज्या लोकांना मी काडीची किंमत देत नाही त्यांच्यापुढे 'हे काय लिहिलंय' म्हणायचं? मनात म्हटलं, असेल वटपौर्णिमेच्या गर्दीचं काहीतरी.

वटपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. नटूनथटून बाया आल्या. आंबे, हळदकुंकू, फेऱ्यांवर फेऱ्या. सूत मीच विकलं. दुपारपर्यंत बुंधा पांढरा झाला आणि कागद सुताखाली गेला. कोणी बाजूला केला नाही, कोणी वाचला नाही. सात जन्म मागायला आलेल्यांना सात दिवसांची मुदत दिसली नाही.

अण्णा मनमाडहून परतले त्याच सकाळी करवत आली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. रिक्षातून उतरले ते थेट बुंध्याशी. माझ्या टोपलीतला विळा घेतला, सूत कापलं, कुंकवानं माखलेला कागद सोडवला आणि एका डोळ्यानं मोठ्यानं वाचला. "रस्ता रुंदीकरणात बाधित होणारे वडाचे झाड... हरकती असल्यास सात दिवसांच्या आत लेखी..." मुदत आदल्या दिवशी संपली होती. करवतवाले टोप्या काढून उभे राहिले. कॉलनीवाले मोबाईलवर फोटो काढत होते. चेअरमन गाडी लांब नेऊन लावत होता.

"कधी लावली ही?" अण्णांनी मला विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले, आणि पक्कड काढून खिळा उपटला. तोडायचं झाड, तरी उपटला. दुपारी वड पडला. धनेशाची जोडी तीन दिवस हवेत घिरट्या घालत होती, उतरायला जागा नव्हती.

मी छत्री लावून बसू लागलो. अण्णा पूर्वीसारखेच येत, भाजी घेत, शिळी आहे म्हणत. दिवाळीनंतर लेकीनं त्यांना कायमचं मनमाडला बोलावून घेतलं. निघताना ते छत्रीखाली टेकले. माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, खरं सांगा. तुम्ही झाडाला का वाचून दाखवायचे?"

"झाडाला?" ते हसले. "तात्या, झाडाला काय करायचंय कागद? खाली बसणारा मान फार लवकर हलवायचा."

रिक्षा गेली. त्या दिवशी मी मेथी तशीच घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या जांभळाला नवा कागद ठोकलेला दिसला. चेअरमन गाडीचं पांघरूण काढत होता. तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याच्या दंडाला धरून त्याला जांभळापाशी आणला.

"हे वाच."

"तात्या, तुम्हीच वाचा की."

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो. "मोठ्यानं वाच. आणि सावकाश."

तो वाचायला लागला. मी मान हलवली नाही.