पट्टीखालचा रंग

आमच्या ग्लायडिंग क्लबच्या हँगरमध्ये एक जुनं जर्मन ग्लायडर आहे. लाकडी सांगाडा, वर पांढरा ऑइलपेंट. त्याला मूळ रंग द्यायचा म्हणून मी शेपटीजवळ पॉलिश पेपरने घासत होतो. पांढऱ्याखाली तांबडा निघाला, तांबड्याखाली सायीसारखा फिका, आणि मग थेट लाकूड. हात सारखा कचरत होता, कारण मूळ रंग दिसतो न दिसतो तोच धूळ होऊन बोटांना लागतो.

मधुकाका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणी त्यांनी हेच ग्लायडर उडवलंय. "पिवळं सापडलं का?" ते रोज विचारतात; त्यांच्या आठवणीत ते पिवळं होतं.

फिका म्हणजे नुसतं अस्तर असेल, वरचा पिवळा कुणी आधीच खरवडला असेल, अशी मला आशा होती. शेवटी पंखाच्या मुळाशी असलेली पत्र्याची पट्टी काढली. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. आत तोच फिका रंग, कालच दिल्यासारखा चकचकीत. अस्तराला अशी चकाकी नसते.

काकांनी वाकून पाहिलं. "संध्याकाळी उतरायचो मी," ते म्हणाले. "पंख पिवळेधमक दिसायचे. मग मी पाहिलं ते काय?"

मी पट्टी परत जागेवर बसवली.

माझ्या आठवणीतली आईची साडी निळी आहे. ती अजून ट्रंकेत आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. घरी आल्यावर मी ट्रंकेची कडी काढली, आणि झाकण न उघडताच परत लावून टाकली.