कंपनीला दिलेलं गाणं

आमच्या बँडचा अल्बम एकच निघाला. किस्से मात्र चहाला चार जण बसले की निघतच राहतात. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो, पण खरं सांगू का, मला अजून त्या दीड वर्षाचा धक्काच बसलेला आहे.

बँड म्हणजे आम्ही तिघं. गिटारवर मी, नंदुरबारचा. ड्रमवर सलीम, त्याचं गावात वेल्डिंगचं दुकान. आणि गाणारा वान्या, धडगावच्याही वरच्या पाड्यावरचा. त्याच्या पाड्यावर मुलीला हळद लागते तेव्हा वान्याची आई त्यांच्या पावरी बोलीतलं एक गाणं म्हणते, बायका मागे धरतात. त्याच गाण्याला आम्ही गिटार आणि ड्रम लावले, व्हिडिओ टाकला, आणि मुंबईच्या एका मोठ्या म्युझिक कंपनीनं तो पाहिला.

कंपनीचा फोन आला तेव्हा सलीम कोणाचं तरी गेट जोडत होता. त्याला वाटलं, लोनवाले. "आमले नही जोयजे," म्हणून पठ्ठ्यानं तीनदा फोन कापला.

*

करार चाळीस पानी, सगळा इंग्रजीत. आमच्यात बी.कॉम. मी एकटा, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या पानावरच मला काही कळेना, पण कबूल कोण करणार? मी मान डोलावत राहिलो.

कंपनीच्या मॅडमनी वान्याला विचारलं, "गाणं लिहिलं कोणी?"

"आई म्हणते."

"आईला कोणी शिकवलं?"

"तिच्या आईनं."

"म्हणजे कोणीच नाही," असं म्हणून मॅडमनी पान उलटलं. आम्ही तिघांनी सह्या ठोकल्या. वान्यानं तर वळणदार अक्षरात केली.

*

स्टुडिओत सलीमनं आठ दिवस ड्रम बडवले. नवव्या दिवशी गाणं ऐकवलं. सलीमचा चेहरा पडला.

"हाऊ कोन वाजाडी ऱ्हायना?"

"सॉफ्टवेअर," इंजिनिअर म्हणाला.

"मंग मी आठ दिन काय कयं?"



*

फोटोला वान्या इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यांनी तो काढायला लावला, तोंडावर पांढरे पट्टे ओढले, डोक्यात पिसं खोचली. ती कुठल्या पक्ष्याची, ते अख्ख्या सातपुड्यात कोणी सांगू शकलं नसतं. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, याची मला आज लाज वाटते.

*

अल्बम आपटला. कंपनीचा फोन येईना, म्हणून मीच केला. मॅडम नोकरी सोडून गेलेल्या. नव्या साहेबांनी बँडचं नाव विचारलं, मग स्पेलिंग विचारलं. कॉम्प्युटर बघून म्हणाले, "असा बँड आमच्याकडे नाही. गाणं आहे."

"मग गाणं तरी परत द्या."

"ते आमचं आहे."

त्या दिवशी मी चाळीसही पानं डिक्शनरी घेऊन वाचली. साहेब खरं बोलत होते. वान्या पाड्यावर गेला आणि त्यानं आईला जसंच्या तसं सांगितलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात वान्याच्या बहिणीचं, सुमीचं लग्न निघालं. मी आणि सलीम जीपनं धडगावला, तिथून चालत पाड्यावर. हळदीला बायका जमल्या. सुमी मान खाली घालून बसली. सगळ्या जणी तिच्या आईकडे बघत होत्या, आणि आई गप्प.

मला राहवेना. म्हटलं, "मावशी, म्हणा ना. इथं कंपनीला काय कळणार आहे?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चोरून आणलंय. म्हणाली, "विकलेला बैल दावं तोडून घरी आला, तर तुम्ही शहरातले लोक त्याला औताला जुंपता का?"

वान्या उठून बाहेर गेला.

मग मावशीनं हळदीत हात बुडवला. पाठोपाठ बाकीच्यांनी. सुमीला हळद लागत होती, आणि आवाज येत होता तो नुसता बांगड्यांचा.