मानेचा पट्टा

उंच गळ्याचा काळा स्वेटर घालून मी पहिल्यांदा बुलढाण्याच्या ऑफिसात गेलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे वयस्कर कारकून कळवळून म्हणाले, "काऊन हो, मानेले पट्टा लागला का?" दुपारपर्यंत तिघांनी हाडांचा डॉक्टर सुचवला. चूक माझीच होती. गळा दुमडायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी तो थेट हनुवटीपर्यंत ओढला होता. घरी बायको म्हणाली, "तुमचा मफलरच बरा होता." मग मी हट्टालाच पेटलो. दुसऱ्या दिवशी गळा नीट दुमडला, वर लग्नातला करडा कोट चढवला आणि मान ताठ ठेवून ऑफिसात शिरलो. कारकुनांनी मला निरखून पाहिलं आणि ते समाधानानं म्हणाले, "हाव, आज जरा उतार दिसून राह्यला."