खाटेवरचं मरण

हे मी कोणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथंही दुसरंच काहीबाही बोलून उठले. आज तुम्ही समोर बसलात — आणि तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तोंड उघडते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

गावात अजून म्हणतात, सासूची सेवा करावी तर थोरलीसारखी. थोरली म्हणजे मी. असं कोणी म्हटलं की मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजते.

आमचं गाव मोताळ्यापासून दीड कोसावर. तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या सरकारकडे होता आणि आमचा कापूस मलकापूरच्या जिनात जायचा. घरात आम्ही पाच मोठी माणसं — माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, तिचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी जावा. धाकटीचं नाव गोदा.

गोदा यायच्या आधी नऊ वर्षं मी एकटीच सून होते. आत्याबाईंचं डोकं मी विंचरायची, पाय मी चेपायची, बोलणी मी खायची. तोंडानं मोठी फटकळ बाई! पण मला वाटायचं, बोलते तर मलाच बोलते ना. मग गोदा आली. दात थोडे पुढं, कामाला मंद, भाकरी थापायला बसली की तवा तापून लाल व्हायचा. पण हसायची घरभर. आणि आत्याबाई तिच्याबरोबर हसायला लागल्या. नऊ वर्षांत माझ्या कोणत्या बोलण्यावर हसल्या होत्या हो त्या?

त्यांच्यासारखे पुरणाचे मांडे चार गावांत कोणाला जमत नव्हते. मी कितीदा म्हटलं, मला शिकवा. "तुह्या हाताले लय घाई हाये व," म्हणायच्या आणि विषय संपायचा. गोदेला दुसऱ्याच अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरासमोर बसवलं. तिचा पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसरा राखेत पडला — आणि या बाई पोट धरून हसताहेत! मी शेजारी पुरण वाटत होते. अंगाचा असा भडका उडाला होता माझ्या, की वरवंटा कुठं बसतो आहे तेही कळत नव्हतं. बोट चेचलं. कोणी विचारलंसुद्धा नाही.

एवढ्याशा गोष्टीचा राग धरतात का? मी धरला.

तर — आत्याबाई आजारी पडल्या. पोटात गाठ. आधी भाकरी बाहेर पडायची, मग कण्या, मग नुसतं दूधही. अंगाची काडी झाली. दुखायला लागलं की पदराचा बोळा तोंडात कोंबून पडायच्या. वैद्याची औषधं झाली, अंगारे झाले. काही म्हणजे काही उतार नाही.

एका दुपारी मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. मी आहे हे आत कोणाला ठाऊक नव्हतं. आत्याबाई गोदेला सांगत होत्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द ऐकू आला.

"गोदे, आता मी काही खाणार नाही. पुरे झालं माह्यं. मले भुईवर घे अन् जाऊ दे. थोरलीले सांगू नको."

थोरलीले सांगू नको! बाई मरायला निघाली होती याचं मला त्या घडीला काहीच वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? मला लागलं ते शेवटचं वाक्य. एवढी मोठी गोष्ट, जन्मातली शेवटची, ती तिला सांगितली. आणि माझ्यापासून लपवायची? का? मी कोण?

आता आमच्याकडची रीत सांगते. माणूस जायला लागलं की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जमीन सारवून घोंगडीवर खाली घेतात. खाटेवर जीव गेला तर गती मिळत नाही, जीव अधांतरी घुटमळतो, असं आमची जुनी माणसं मानायची. आत्याबाई तर फारच मानायच्या. आणि एकदा खाली घेतलेल्या माणसाला पुन्हा वर उचलत नाहीत. तसं कोणी केलेलं मी ऐकलंही नव्हतं.

मी मोताळ्याच्या बाजाराला गेले होते, त्या दिवशी गोदेनं त्यांना खाली घेतलं. परत आले तर ओटीवर बायका जमलेल्या. आत ओली सारवलेली जमीन, घोंगडीवर आत्याबाई, उशाशी तुळस. त्यांचा हात गोदेच्या हातात होता. चेहरा — कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. शांत होता. दुखत असेलच, पण शांत होता.

तो शांतपणा मला बघवेना.

मी हातातली पिशवी टाकली. "कोणी घेतलं यायले खाली? जित्या माणसाले खाली घेता? जीव जड झाला का तुमाले?" गोदा घाबरून म्हणाली, "त्यायनंच सांगतलं जाऊबाई." मी ऐकते कुठं! "दुखण्यातलं माणूस काहीबी म्हणते, आपल्याले अक्कल नाही काय?" असं ओरडत मी नवऱ्याला हाक मारली, त्यांना पायांकडून धरायला लावलं, आणि आत्याबाईंना उचलून परत खाटेवर ठेवलं. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या. "नको व," एवढंच म्हणाल्या. बायका कुजबुजल्या. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, धन्य आहे थोरलीची, सासूला यमाच्या हातातून ओढून आणलं.

मग मी दूध पाजायला लागले. हो, मीच. गोदेला खाटेजवळ येऊ देत नव्हते. त्या ओठ मिटून घ्यायच्या, मी नाक दाबायची. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. निम्मं मानेवरून ओघळायचं, निम्मं तासाभरात उलटून पडायचं, आणि उलटी होताना त्यांच्या पोटात जो पीळ पडायचा — मी बघायची आणि पुन्हा वाटी भरायची. पाठीला जखमा झाल्या. हळद-तेल लावायची मीच. सेवा कमी पडू दिली नाही.

त्याच दिवसांत देवी टोचायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सायकलवर गावात आले होते. पाटलांनी त्यांना आमच्या घरी पाठवलं. माणसं कापूस घेऊन मलकापूरला गेलेली, गोदा वेचणीवर. घरात मी एकटी. डॉक्टरांनी पोट तपासलं, आत्याबाईंशी दोन शब्द बोलले, बाहेर आले. मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते.

"बाई, यांना जबरदस्तीनं काही देऊ नका," ते म्हणाले. "दूध आत ठरत नाही, नुसता त्रास वाढतो. मागितलं तर ओठ ओले करा. त्यांना जायचं आहे, त्या तसं स्पष्ट सांगताहेत. जाऊ द्या."

संध्याकाळी सगळे घरी आले. डॉक्टर काय म्हणाले, यांनी विचारलं. मी म्हटलं, दूध सोडू नका म्हणाले. अंगात ताकद आली तर उठतील म्हणाले.

काऊन असं बोलले मी? डॉक्टरचं खरं सांगितलं असतं तर गोदा बरोबर ठरली असती. झालं, एवढंच. मरणावर हक्क देवाचा, माणसाचा नाही, असं मी शेजारणींना तोंड वर करून सांगायची. देवाशी मला काय घेणंदेणं होतं? मला फक्त तिच्यावर मात करायची होती, आणि आत्याबाईंच्या अंगावर ती करायची होती.

असे एकोणीस दिवस गेले. आत्याबाई खाटेवरच गेल्या. गाव गोदेलाच बोललं — हिनं वेळेआधी खाली घेतलं, म्हणून मरण नासलं. भटजींनी शांत सांगितली, ती केली. पुढच्या वर्षी गोदा आणि भाऊजी वडनेर भोलजीला, तिच्या माहेरच्या गावी, राहायला गेले. एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण एवढंच नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी वाटी घेऊन बसले, तर आत्याबाईंनी ओठ मिटले नाहीत. माझ्याकडे पाहिलं.

"थोरले, तूच घे व मले खाली. तुह्याच हातानं होऊ दे."

तुह्याच हातानं! किती वर्षं मी एवढ्यासाठी मरत होते. मला रडू आलं हो, आनंदानं आलं. "घेते," मी म्हटलं, "आधी एवढं दूध घ्या." त्यांनी आपणहून तोंड उघडलं. मी शब्द दिला होता ना. वाटीभर दूध त्यांनी एकेक घोट करत घेतलं, मध्ये थांबून, डोळे घट्ट मिटून.

आणि मी उठले नाही. सारवायला शेण दाराशीच होतं. गोदा रोज सकाळी आणून ठेवायची, न बोलता. पण मला वाटलं, ती वेचणीवरून येऊ दे. तिच्यादेखत आत्याबाईंनी हे मला पुन्हा म्हणावं. तिनं एकदा ऐकावं. म्हणून मी खाटेच्या पायथ्याशी बसून गोदेची वाट पाहत राहिले. आत्याबाई दोनदा म्हणाल्या, "घेतं ना व?" मी म्हटलं, घेते, घेते. तिसऱ्यांदा काही म्हणाल्या नाहीत. ऊन भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं, तेवढ्यात त्या गेल्या.

निरोप मिळाला तशी गोदा पदराच्या ओट्यातला कापूस तसाच घेऊन धावत आली. खाटेकडे पाहिलं. मग मला विचारलं, "काही म्हणाल्या काय?"

"मलेच म्हणाल्या," मी म्हटलं. "अजून जगायचं हाये म्हणाल्या. दूध मागून पेल्या."

गोदा तिथंच बसली. "मंग माह्यंच चुकलं जाऊबाई," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बऱ्याच वर्षांनी भाऊजी तसेच अंथरुणाला खिळले. त्यांनाही पोटाचंच. मी वडनेरला भेटायला गेले, तर गोदा त्यांचं तोंड उघडून पेज घालत होती. भाऊजी हातानं वाटी ढकलत होते, पुरे म्हणत होते, सोड म्हणत होते. ती मात्र ऐकत नव्हती. तिचा चमचा थांबत नव्हता.

"वरतून असंच म्हनते मानूस," ती मला म्हणाली. "मनात जगायचंच असते. आत्याबाईनं शेवटी तुमाले तसंच म्हटलं ना, जाऊबाई?"

भाऊजी माझ्याकडे पाहत होते.

मी मान डोलावून म्हटलं, "हाव."