लाभ म्हणणारे बंडप्पा

धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. कळंबच्या बाजारात तो लाभ माझ्या वडिलांच्या तोंडून निघायचा. बंडप्पा मापाडी, आम्हा पोरांचे दादा. ज्वारीची पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची आणि लांब सुरात आकडा म्हणत पोत्यात ओतायची, हे त्यांचं काम. हात जरा वर धरला की शेतकऱ्याची मूठभर ज्वारी जादा जाते. दादांचा हात सरळ चालायचा. म्हणून शेतकरी माप त्यांच्याच हातचं मागायचे.

शेचाळीस साली निजाम सरकारनं हैदराबादच्या कायदेमंडळाची निवडणूक लावली. जागा धंद्याधंद्यानं वाटलेल्या, त्यातही निम्म्या हिंदूंच्या, निम्म्या मुसलमानांच्या. स्टेट काँग्रेसवाले म्हणाले, हे नुसतं सोंग आहे, कुणी मत टाकू नका. आम्हा लिंगायतांची माणसं महादेवाच्या देवळात जमली आणि गळ्यातलं लिंग हातावर घेऊन तशी शपथ वाहिली. दादांनीही वाहिली.

माणिकप्पा आडतदार तिकडं आलेच नाहीत. व्यापाऱ्यांच्या जागेला तेच उभे होते, आणि दादा माप करायचे ते त्यांच्याच आडतीवर.

“बंडप्पा, व्यापाऱ्यांच्या मतदार यादीत तुझं बी नाव घातलंय म्या,” माणिकप्पा म्हणाले.

“धनी, म्या लिंग हातावर घेऊन न्हाय म्हणलोय.”

“मग लिंगालाच पोट भरू दे तुझं. पायली दुसऱ्याला देतो.”

घरात आम्ही सहा खाणारी. दादा गेले आणि मत टाकून आले. आई, गौराबाई, चुलीपाशी होती.

“टाकलं का?”

“व्हय.”

तिनं त्यांना पाणी दिलं.

पुढच्या बाजारी बिराप्पा नावाच्या शेतकऱ्यानं ज्वारी ओतली आणि दादा पायली घेऊन बसले, तसा तो म्हणाला, “ह्येंचं माप नगं.”

“का बाबा? हात वाकडा चालला का कधी?”

“हाताचं न्हाय म्हणत म्या. लिंगावरची जबान फिरली, तर पायलीवरची फिरायला किती येळ?”

“हैदराबादला जा म्हणावं आता, दरबारात माप करायला,” मागून कुणी बोललं. लोक हसले.

एकेक शेतकरी दुसऱ्या आडतीकडं वळायला लागला. ते बघून माणिकप्पांनीच दादांच्या हातातली पायली काढून घेतली.

निवडणुकीचा निकाल चाँदपाशा मास्तरांनी ओट्यावर बसून उर्दू अखबारातून वाचून दाखवला. मुसलमानांच्या जागा बहुतेक इत्तेहादकडं, म्हणजे रझाकारांच्या पक्षाकडं. हिंदूंच्या जागी सरकारला चालतील अशी माणसं. स्टेट काँग्रेसचा एकही नाही. आमचे माणिकप्पा निवडून आले होते.

“थोड्यात आले का?” दादांनी विचारलं.

मास्तरांनी अखबाराची घडी घातली. “न्हाय बंडप्पा. समोरच्याला कुणी मतं दिलीच न्हाईत. तुमचं नसतं तरी आलेच असते.”

दादा उठून घरी आले. गळ्यातलं लिंग काढून त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवलं. आमच्यात लिंग जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. रोज अंघोळ करून त्याची पूजा करायचे, पण गळ्यात घातलं नाही. आई म्हणायची, “देव राग धरत न्हाय हो.” ते म्हणायचे, “म्या धरलाय.”

पुढं त्याच बाजारात ते हमाली करायला लागले. त्या कायदेमंडळानं आमच्यासाठी काय केलं, ते कुणाला सांगता आलं नाही. गावोगाव रझाकारांची दहशत वाढत गेली. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात दादा पाठीवरच्या पोत्याखाली पडले, ते उठले नाहीत. निजामाचं राज्य गेलेलं त्यांनी बघितलं नाही.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. आईनं खड्ड्याकाठी विधी करणाऱ्या जंगम स्वामींना विचारलं, “ठेवू का?” स्वामी मंत्र म्हणत राहिले. ती मग स्वतःच खाली उतरली आणि देवळीतून आणलेलं लिंग तिनं त्यांच्या तळहातावर ठेवलं. पण हात ताठला होता, मूठ मिटेना. माती त्यांच्या मनगटापर्यंत येईतो ती त्यांची मूठ दोन्ही हातांनी दाबून बसून राहिली.