डाळिंबात हिंग

मी तानाबाई. सांगोल्याकडची. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत गुरम्माअक्काच्या हाताखाली बाटल्या धुते, बारा वरसं झाली. लोक म्हणत्यात, अक्का तोंडानं लई फटकळ. असू दे की! गोडबोल्यांनी आमच्या गल्लीचं काय भलं केलंय ते मला तरी दिसलं न्हाय.

अक्काचा धंदा वासाचा. सोड्याच्या गाडेवाल्यांना जिरं, आलं-लिंबू, गुलाब, डाळिंब असले अर्क करून देती. लूमची पाळी सुटली की कामगार गाड्यावर येत्यात, गिलासात अक्काचे चार थेंब आणि वरनं सोडा. नवरा गेल्यावर एकटीनं बसवलंय हे सगळं. लिवलेलं कुटंच काय न्हाय. लूमवरचं टाकाऊ सूत आणती आणि बाटलीच्या गळ्याला बांधती. तांबडं डाळिंबाचं, पिवळं लिंबाचं, पांढरं जिऱ्याचं. आठवडा झाला की एक गाठ. तीन गाठी झाल्या की अर्क मुरला. तवर बाटल्या लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंकेवर ओलं पोतं, कारण सोलापूरचं ऊन काय तुमाला सांगायला नको. वास घ्यायचा तो सकाळी, तिची लिंगपूजा झाल्यावर, चहाच्या आधी. चहा पिलेल्या नाकावर तिचा इस्वास न्हाय.

काळं सूत हिंगाचं. ती बाटली खोलीत न्हायच, दाराभाईर कोनाड्यात. पहिल्याच वरसाला मी हिंगाचं बूच चुकून गुलाबाच्या बरणीला लावलं. झालं! सगळा गुलाब वाया. हिंग एकदा शिरला की काचेतनं बी निघत न्हाय. अक्का तीन दिस माझ्याशी बोलली न्हाय. बोलायची ती भांड्यांशी, मला ऐकू जाईल असं.

डाळिंबावर मात्र तिचा लई जीव. माझा भाऊ बिरुदेव सांगोल्यास्नं उकललेली डाळिंबं पाठवतो, बाजारात कुणी इचारत न्हाय असली. दाणे सुकवायचे, ग्लिसरीनमधी मुरवायचे. बूच काढलं की वाटतंय, झाडाखालीच हुबं हाय.

दिवाळी झाली आणि शिवयोगी आला. अक्काची खोली त्याच्या बापाची. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"मावशी, पुण्याच्या केकवाल्यांना तुमचं डाळिंब पायजे. साखर नको, मीठ नको, लिंबू नको. नुसतं ग्लिसरीन आणि वास. असा हात जिल्ह्यात न्हाय."

अक्का फुलली. चाळीस बाटल्या दिल्या, मग आणि चाळीस. केकात साखर नको म्हणणारा गडी, आमाला संशय यायला नको व्हता? आला न्हाय. कौतुक झालं की शाण्या माणसाचं बी डोकं चालत न्हाय.

माझी सोनम अकरावीला हाय. एक दिस तिची ओढणी धुवायला घेतली आणि हात थांबला. डाळिंब! आमच्या घरात सहा महिनं डाळिंब फुटलेलं न्हाय, आणि पोरगी अक्काच्या खोलीवर कदी येत न्हाय. दप्तर उलटं केलं तर पेनाएवढी नळी पडली. पोरगी पांढरीफटक.

"काय गं हे?"

"वेप म्हणत्यात. सगळ्या पोरी वढत्यात, आय."

माझा हात उठला. तशी ती म्हणली, "त्यात काय? फळाचा वास हाय नुसता. तुमीच तर करता की दोघी! आणि तू दोन टायमाला तंबाखूची मिसरी लावतीस ती?"

हात तसाच खाली आला. मिसरीची डबी तवा बी माझ्या कंबरंला व्हती. पोटच्या पोरीनं तीच तोंडावर मारली. लाज वाटली, राग आला, आणि भ्या त्याच्याहून जास्त वाटलं. विचारलं, सोडशील का? तर म्हणली, "दोनदा सोडून बघितलं. तो वास आला की ऱ्हावत न्हाय गं." आणि रडाय लागली.

दुसऱ्या दिवशी ओढणी तशीच घिऊन गेले. अक्काची पूजा आटपली व्हती. म्हणलं, "अक्का, चहाच्या आधी एवढा वास घे."

तिनं ओढणी नाकाला लावली. डोळं मिटलं. लई वेळ उघडलं न्हाईत.

"माझाच हाय," ती म्हणली. "तीन गाठींचा. कार्तिकातला." मी नळीचं, सोनमचं, डबीचं सगळं सांगितलं, तशी ओढणी मांडीवर ठिवून ती बाई रडली. बारा वरसांत पहिल्यांदा बघितलं मी. "शिवा, शिवा! लेकराच्या छातीत घातला की गं मी हा." आणि डोळं पुसून माझ्याकडंच बोट केलं. "पहिली तुझी डबी काढ. हितं ठिव."

काढली. काय करता?

त्याच दुपारी शिवयोगी पुढचा माल न्यायला आला. ट्रंक उघडी. चाळीस बाटल्या फरशीवर, तांबड्या सुताच्या, तीन-तीन गाठींच्या. अक्का मधी मांडी घालून बसलेली.

"केक कशाचा करतोस रं?" अक्कानं इचारलं.

त्यो हासला. "मावशी, कळलंय तर सांगतो. निकोटीन आमी घालतो, तुमी फकस्त वास द्यायचा. तुमच्या अंगाला काय लागत न्हाय."

"हे बंद केलंय ना सरकारनं?" मी म्हणलं.

"बंद तर लई गोष्टी हायत, मावशी. पोरी काय आमी धरून आणतो व्हय?"

अक्का माझ्याकडं वळली. "तानाबाई, काळं सूत आण."

बारा वरसांत ती बाटली उंबऱ्याच्या आत आली न्हवती. मी आणली. अक्कानं पहिल्या डाळिंबाचं बूच काढलं आणि त्याच्या डोळ्यादेखत हिंगाचे पाच थेंब सोडले. मग दुसरी. मग तिसरी. खोलीभर असा वास उठला की शिवयोगीनं रुमाल नाकाला लावला.

"अवो, काय करताय! येड लागलंय का?"

"पाचक करतीय. डाळिंब आणि हिंग, पोटाला लई चांगलं. सोड्यात घालून पी, तुला लागंल. नळीत घालून कोण वढतंय ते मला बी बघू दे."

"खोली कुणाची हाय, इसरला का मावशी?"

"तुज्या बापाची. घे की! भिंती तुमच्या, दार तुमचं. नाक माझं हाय, ते माझ्यासंगं येतंय."

"नीट इचार करा. दुसरी खोली कोण देईल तुमाला?"

"बेडा अंद्रे बेडा!" अक्का वरडली. ती कानडीवर आली म्हंजे बोलणं संपलं. नको म्हंजे नको. मग ती उठली आणि माझ्या हातात हिंगाची बाटली दिली. "तू बी घाल. त्या वरसाला चुकून घातलास, आज ठरवून घाल."

घातला! हात भरून घातला! असला आनंद मला लग्नात बी झाला न्हवता. आणि अक्कानं शेवटचे चार थेंब कुटं सोडले ठावं हाय? माझ्या मिसरीच्या डबीत.

आठ दिसांत खोली गेली. ट्रंक, पोती, बाटल्या, अक्का, सगळं आमच्या पत्र्याच्या घरात आलं. साधं डाळिंब अक्का आता करतच न्हाय. जे तिला सगळ्यांत चांगलं जमत व्हतं, तेच तिनं सोडलं. गाडेवाले इनवण्या करत्यात. ती म्हणती, हिंग घालून घ्यायचं तर घ्या, न्हायतर चालू लागा. घेत्यात की, झक मारत घेत्यात.

सोनम त्या बाटल्यांच्यातच झोपती, त्यांच्यातच अभ्यास करती. नळी अक्कानं फोडली, पण दुसरी मिळायला काय येळ लागतोय? म्हणून मी रोज सांजच्याला तिची ओढणी हुंगते. ती चिडती. चिडू दे. पहिलं पंधरा दिस तिला लई जड गेलं, मला बी गेलं. हिंगाची मिसरी एकदा दाताला लावून बघितली मी. थू! आख्खा दिस चुळा भरल्या.

काल कॉलेजातनं आली ती फणफणतच. ओढणी माझ्या अंगावर टाकली. "आय, दोनदा धुतली. हिंगाचा वास जातच न्हाय. पोरी हासत्यात मला."

मी ओढणी नाकाला लावली. हिंग. नुसता हिंग. डाळिंब कुटंच न्हाय.

"माझ्या डबीचा बी जात न्हाय," मी म्हणलं. "बस हिकडं, बुचं लाव."